भित्तिपत्रकाआधीचा विचार : उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांसाठी डिझाइन-प्रक्रियेचे मार्गदर्शन

उपयोजित कलेच्या वर्गात भित्तिपत्रकाचे काम मिळाले की पुष्कळ विद्यार्थी पहिल्याच संध्याकाळी संगणकावर नवी फाईल उघडतात, विषयाशी संबंधित शेकडो चित्रे चाळतात आणि त्यांतल्या एखाद्या चित्राभोवती मांडणी रचू लागतात. सबमिशनची तारीख डोक्यावर असताना असे होणे स्वाभाविक आहे, परंतु त्यामुळे विचाराला सुरुवात होण्याआधीच कल्पना ठरून जाते. पुढचे सगळे दिवस फॉन्ट आणि रंग बदलण्यात जातात आणि ज्युरीने, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांनी, ‘हीच कल्पना का?’ असे विचारले की सांगण्यासारखे काही उरत नाही. या लेखात एकच काम ब्रीफपासून, म्हणजे काय करायचे ते सांगणाऱ्या मागणीपासून, छपाईपर्यंत टप्प्याटप्प्याने नेले आहे. त्यातला सर्वाधिक भर प्रश्न मांडण्यावर आहे, कारण विद्यार्थ्यांच्या कामातील बहुतेक दुबळ्या कल्पनांचे मूळ मला तिथेच दिसते.

उदाहरणासाठी असे काम धरू. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयासाठी भित्तिपत्रक करायचे आहे आणि ब्रीफ एका वाक्याचे आहे : ‘तरुण सभासद वाढावेत यासाठी वाचनालयाचे ए-2 आकाराचे भित्तिपत्रक तयार करा, मुदत चार आठवडे.’ पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848पासून, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898पासून चालत आले आहे. 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर शासनमान्य वाचनालयांचे जाळे लहान गावांपर्यंत पोहोचले. त्यामुळे जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला चालत किंवा एसटीने जाऊन प्रत्यक्ष पाहता येईल अशी ही संस्था आहे. एखाद्या बड्या कंपनीचे काल्पनिक काम घेण्यापेक्षा जिच्या दारात उभे राहता येते अशी संस्था घेतल्याने विद्यार्थी अधिक शिकतो, असे माझे ठाम मत आहे.

ब्रीफ वाचणे

ब्रीफ हातात आल्यावर प्रथम ते स्वतःच्या हाताने वहीत उतरवावे आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली प्रश्न लिहावेत. ‘तरुण’ म्हणजे कोण? दहावीचा मुलगा, महाविद्यालयातली मुलगी, की स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा सव्वीस वर्षांचा पदवीधर? ‘सभासद’ म्हणजे वर्गणी भरणारा की नियमित पुस्तके नेणारा? ‘वाढावेत’ असे म्हणताना आज किती आहेत आणि ते कमी का झाले, हे कोणाला ठाऊक आहे का? भित्तिपत्रक कुठे लागणार, किती दिवस राहणार, पाहणारा उभा असेल, बसलेला असेल की दुचाकीवरून जात असेल? या टप्प्यावर उत्तरे मिळाली नाहीत तरी चालते. कोणते उत्तर कोणाकडून मिळेल, एवढी नोंद प्रश्नापुढे करून ठेवावी.

त्यानंतर आणखी एक काम करावे, जे विद्यार्थ्यांना विचित्र वाटते. डोक्यात आपोआप आलेली सगळी चित्रे एका पानावर भराभर काढून टाकावीत. वाचनालय म्हटले की पंख फुटलेले पुस्तक, पुस्तकातून उगवणारे झाड, पुस्तकांच्या थराची शिडी, डोक्यातला दिवा आणि ‘वाचाल तर वाचाल’ हे वाक्य येणारच. ही चित्रे वाईट आहेत म्हणून ती टाकायची असे नाही. वर्गातल्या तीस जणांनाही तीच सुचलेली असतात आणि ती कोणत्याही गावातल्या कोणत्याही वाचनालयाला सारखीच लागू पडतात, ही खरी अडचण आहे. कागदावर उतरली की ती डोक्यातून हटतात आणि पुढे नकळत परत आली तर ओळखूही येतात. या पानावर तारीख घालून ते जपून ठेवावे.

जागेवर जाऊन पाहणे

चार आठवड्यांपैकी पहिला पूर्ण आठवडा पाहण्यासाठी ठेवावा. वाचनालयात एकाच वेळी जाऊन भागत नाही; सकाळी उघडताना, भर दुपारी आणि संध्याकाळी अशा वेगवेगळ्या वेळी जावे, कारण त्या त्या वेळची माणसे वेगळी असतात. पहिल्या भेटीत शक्यतो कोणाला काही विचारू नये. एका कोपऱ्यात बसून माणसे कुठून आत येतात, कुठे थांबतात, भिंतीवरचे काय वाचतात आणि काय न वाचता पुढे जातात, ते टिपावे. वाचनालयाचा साधा नकाशा काढून त्यावर लोकांच्या वाटा पेन्सिलीने दाखवल्या, तर नुसत्या शब्दांत न पकडता येणाऱ्या गोष्टी दिसू लागतात.

अशा वाचनालयात सर्वसाधारणपणे दिसणारे चित्र असे असते. सकाळी वर्तमानपत्रांच्या मेजाभोवती निवृत्त मंडळी असतात. संध्याकाळी देवघेव विभागात कादंबऱ्या आणि मासिके बदलून नेणाऱ्या जुन्या सभासदांची ये-जा असते. आणि सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत वीस ते तीस वयोगटातील मुलेमुली बसलेली असतात, ज्यांतील अनेक जण एमपीएससी, पोलीस भरती किंवा बँकेच्या परीक्षांची तयारी करत असतात. ते स्वतःची पुस्तके, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन येतात, जागा धरतात, मध्ये चहाला जातात आणि परत येऊन बसतात. वाचनालयाच्या कपाटांकडे मात्र त्यांचे पाय क्वचितच वळतात.

हे पाहिल्यानंतर ब्रीफचा पायाच हलतो. ‘तरुणांना वाचनालयाकडे आणायचे’ असे गृहीत धरून सगळा वर्ग रस्त्यावर लावायचे भित्तिपत्रक करत असतो, आणि तरुण तर वाचनालयाच्या छताखाली दिवसाचे आठ-दहा तास आधीच बसलेले असतात. त्यांच्यात आणि पुस्तकांत अंतर आहे ते एका भिंतीचे. हा शोध कोणत्याही चित्रसंग्रहात मिळाला नसता. तो खुर्चीत बसून राहिल्याने आणि नकाशावर वाटा काढल्यानेच मिळतो. प्रत्येक वाचनालयात नेमके हेच आढळेल असे नाही. कुठे लहान मुलांचा विभाग बंद पडलेला असेल, कुठे वाचनालय कोणत्या वेळी उघडे असते हेच गावाला ठाऊक नसेल. जे आढळेल त्यावर पुढचे काम उभे करावे.

दुसऱ्या भेटीपासून बोलावे. ग्रंथपालांना ‘तुम्हाला भित्तिपत्रकात काय हवे?’ असे विचारले तर ते उघड्या पुस्तकाचेच चित्र सांगतील, आणि त्यांचा त्यात दोष नाही. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात नवीन सभासद झालेली शेवटची व्यक्ती कशी आली होती?’ किंवा ‘अभ्यासिकेतल्या कोणी कधी पुस्तक मागितले आहे का, आणि कोणते?’ असे घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारावे. मुलामुलींनाही ‘वाचन आवडते का?’ असे विचारू नये, कारण सगळे हो म्हणतात. ‘काल चहाच्या सुट्टीत काय केले?’ हा प्रश्न अधिक कामाचा आहे. उत्तर बहुधा मोबाइल असे येईल, आणि ती दहा-पंधरा मिनिटांची सुट्टी हीच पुढे डिझाइनची खरी जागा ठरू शकते.

याच भेटींत दृश्य सामग्री गोळा करावी. पुस्तकाच्या आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, तिच्यावरचे तिरके जांभळे शिक्के, दाखल क्रमांक (वाचनालयाने प्रत्येक पुस्तकाला दिलेला नोंदणी क्रमांक), काचेची लोखंडी कपाटे, हाताने रंगवलेली ‘शांतता राखा’ची पाटी, बांधणीच्या कापडाचे रंग, तालिकापत्रांची खणे या सगळ्यांची रेखाटने आणि परवानगीने छायाचित्रे घ्यावीत. माणसांची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आपल्याकडच्या शिक्षणातील एक गोष्ट इथे नमूद करावीशी वाटते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1935 साली वाणिज्य कलेचा विभाग सुरू झाला तो जाहिरात आणि छपाई यांच्या गरजा समोर ठेवून, आणि त्या परंपरेने संकल्पना, शीर्षकाची ओळ आणि चित्र यांची घट्ट सांगड घालायला शिकवले. 1969 साली आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरसारख्या संस्थांनी वापरणाऱ्या माणसाचे निरीक्षण आणि समस्येची मांडणी यांवर भर दिला. विद्यार्थ्याला या दोन्ही वाटा लागतात. निरीक्षणाशिवाय केलेली चमकदार ओळ कोणालाच उद्देशून नसते आणि संकल्पनेशिवाय केलेले निरीक्षण अहवालातच राहते.

प्रश्न पुन्हा लिहिणे

पहिल्या आठवड्याच्या शेवटी सगळ्या नोंदी छोट्या चिठ्ठ्यांवर, एका चिठ्ठीवर एक नोंद अशा पद्धतीने लिहाव्यात आणि भिंतीवर लावून सारख्या दिसणाऱ्या नोंदी जवळ आणाव्यात. त्यांतून ब्रीफ नव्याने लिहावे. नवे वाक्य ‘कसे’ या शब्दाने संपणाऱ्या प्रश्नाच्या रूपात असावे आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात : कोण, कोणत्या क्षणी आणि त्याने काय करावे. आपल्या उदाहरणात तो प्रश्न असा होईल : ‘अभ्यासिकेत रोज बसणाऱ्या, परंतु पुस्तके न घेणाऱ्या तरुणाला सुट्टीच्या दहा मिनिटांत शेजारच्या देवघेव विभागापर्यंत न्यायचे कसे?’

प्रश्न फार रुंद झाला (‘वाचनसंस्कृती वाढवायची कशी?’) तर कोणतेही चित्र चालून जाते आणि फार अरुंद झाला (‘लाल बाण दाखवायचा कसा?’) तर उत्तर प्रश्नातच बसलेले असते. योग्य प्रश्नातून निदान दहा वेगवेगळी उत्तरे निघू शकतात आणि तरीही एखादे उत्तर चुकीचे आहे असे म्हणता येते. ही कसोटी लावून पाहावी. हा बदललेला प्रश्न शिक्षकांना दाखवून त्यांची संमती घेणे आवश्यक आहे, कारण ब्रीफमध्ये केलेला बदल कारणांसह मांडला तर तो विद्यार्थ्याच्या समजेचा पुरावा ठरतो आणि न सांगता केला तर ब्रीफकडे दुर्लक्ष ठरते.

याच वेळी, म्हणजे एकही कल्पना काढण्यापूर्वी, निवडीचे निकष लिहून ठेवावेत. कल्पना समोर असताना निकष लिहिले तर आवडत्या कल्पनेला सोयीचे निकषच सुचतात. आपल्या कामासाठी निकष असे असू शकतात : रोज पाहूनही कंटाळा येऊ नये; बसलेल्या जागेवरून मुख्य ओळ वाचता यावी; अभ्यासात व्यत्यय येऊ नये; अभ्यास सोडून कादंबरी वाचतोस म्हणून टोचणी लागेल असा सूर नसावा; आणि वाचनालयाला पुढच्या महिन्यात स्वतःच्या खर्चात नवे भित्तिपत्रक करता यावे.

कल्पनांची संख्या वाढवणे

कल्पना निर्माण करणे आणि कल्पनांची पारख करणे ही दोन कामे एकाच वेळी करू नयेत. ॲलेक्स ऑसबर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने गटात विचार करण्यासाठी घालून दिलेले नियम प्रसिद्ध आहेत : टीका पुढे ढकलावी, विक्षिप्त कल्पनांचे स्वागत करावे, संख्या वाढवावी आणि एकमेकांच्या कल्पनांत भर घालावी. मात्र 1958 साली येल विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात, एकत्र बसलेल्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने विचार करून नंतर एकत्र केलेल्या कल्पना संख्येने अधिक भरल्या. वर्गासाठी याचा अर्थ सोपा आहे. आधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे, न बोलता, कागदावर काम करावे आणि मगच मेजाभोवती बसून ते कागद एकमेकांसमोर ठेवावेत. थेट गटात बसले की मोठ्या आवाजाच्या विद्यार्थ्याची पहिली कल्पना सगळ्यांची होऊन जाते.

रेखाटने छोटी ठेवावीत. ए-2 कागदाची लांबी-रुंदी 594 आणि 420 मिलिमीटर असते. त्याच प्रमाणात सुमारे 5 सेंटिमीटर रुंद आणि 7 सेंटिमीटर उंच अशा चौकटी आखल्या तर ए-4 पानावर नऊ चौकटी सहज बसतात. त्यांत जाड पेनने थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटने, काढावीत, म्हणजे तपशिलात शिरण्याची सोय राहत नाही. पहिल्या बैठकीत अशा चार-पाच पानांचे उद्दिष्ट ठेवावे. साधारणपणे पहिल्या दोन पानांवर पुन्हा पंखवाले पुस्तकच वेगवेगळ्या वेशांत येते आणि तिसऱ्या पानाच्या आसपास हात अडतो. तिथे थांबू नये. माहीत असलेले संपल्यावर जे येऊ लागते, त्यातच काही तरी हाती लागण्याची शक्यता असते.

हात अडल्यावर उपयोगी पडणारे एक साधन म्हणजे शक्यतांचा तक्ता. फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने मांडलेल्या पद्धतीचे हे सोपे रूप आहे. चार आडव्या ओळी कराव्यात. बोलतो कोण : वाचनालय, ग्रंथपाल, पुस्तक, दुसरा वाचक, की पुस्तकातले पात्र? दिसते काय : अक्षरे, वस्तू, माणूस, जागेचा नकाशा, की रिकामी जागा? लागते कुठे : समोरची भिंत, मेजाचा पृष्ठभाग, दार, पाण्याच्या टाकीजवळ, की चहाच्या टपरीकडे जाणाऱ्या जिन्यात? सूर कोणता : प्रश्न, आमंत्रण, कोडे, कबुली, की सूचना? चार ओळींत प्रत्येकी पाच पर्याय असले की 625 जुळण्या होतात. त्यांतल्या पंधरा-वीस चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि प्रत्येक जुळणीसाठी एक थंबनेल काढायचेच, असा नियम ठेवावा. बहुतेक जुळण्या निरुपयोगी निघतील. परंतु ‘पुस्तकातले पात्र, अक्षरे, दार, कोडे’ अशी एखादी जुळणी डोक्याने सरळ चालून कधीच गाठली नसती अशा ठिकाणी नेते.

याखेरीज दोन युक्त्या करून पाहाव्यात. एक म्हणजे प्रश्न उलटा करावा : ‘अभ्यासिकेतल्या मुलाला पुस्तकांपासून कायमचे दूर ठेवायचे असेल तर काय करावे?’ उत्तरे झटपट येतात : कपाटांना कुलूप लावावे, नावनोंदणीला चार कागद मागावेत, पुस्तक कुठे आहे ते सांगू नये. त्यांतल्या कित्येक गोष्टी वाचनालयात आधीपासूनच घडत असतात आणि त्यावरून भित्तिपत्रकाने कोणती अडचण दूर करावी हे कळते. दुसरी म्हणजे गोळा केलेल्या वस्तूंना नवे काम द्यावे. तारखांची चिठ्ठी पुस्तकाच्या आत असते. तीच ए-2 आकाराची करून भिंतीवर लावली तर? तिच्यावर परतीच्या तारखांऐवजी काय लिहिता येईल?

आपल्या उदाहरणात या मंथनातून तीन खऱ्या अर्थाने वेगळ्या दिशा निघतात असे धरू. पहिली दिशा : भिंतीवर फक्त एका पुस्तकाची सुरुवातीची ओळ, पुस्तकाचे नाव नाही, खाली केवळ कपाट आणि दाखल क्रमांक, पुढचे वाचायचे तर शेजारच्या खोलीत जावे लागेल. दुसरी दिशा : मोठी केलेली तारखांची चिठ्ठी, जिच्यावर दहा मिनिटांत वाचून होणाऱ्या कथांची नावे शिक्क्यासारखी उमटवलेली आहेत. तिसरी दिशा : जमिनीवर आणि भिंतीवर अंतर दाखवणारा नकाशा, अभ्यासिकेच्या खुर्चीपासून कथांच्या कपाटापर्यंत किती पावले आहेत ते सांगणारा.

यानंतर एक रात्र काम बाजूला ठेवावे. ग्रॅहम वॉलस यांनी 1926 साली सर्जनशील विचाराच्या चार अवस्था सांगितल्या : तयारी, मुरणे, स्फुरण आणि पडताळणी. त्यातल्या मुरण्याच्या अवस्थेला वेळापत्रकात जागा द्यावी लागते. पण मुरायला आधी काही घातलेले असावे लागते. तयारीशिवाय घेतलेल्या विश्रांतीतून फारसे काही निघत नाही.

चित्रे निर्माण करणारी संगणकीय साधने या टप्प्यावर वापरावीत का, असा प्रश्न आता प्रत्येक वर्गात निघतो. माझे मत असे की थंबनेलच्या आधी ती वापरू नयेत, कारण ती सर्वांत प्रचलित चित्रच अत्यंत पूर्ण झालेल्या रूपात समोर ठेवतात आणि पूर्ण दिसणाऱ्या गोष्टीत बदल करायला मन धजत नाही. नंतर वापरली तर तशी नोंद प्रक्रिया-वहीत करावी आणि महाविद्यालयाचे नियम पाळावेत.

निवड

आता निकषांचा कागद बाहेर काढावा. तीन दिशा आणि पाच निकष यांचा तक्ता करून प्रत्येक घरात गुणांऐवजी एक वाक्य लिहावे. गुणांची बेरीज शास्त्रीय दिसते, परंतु ती विचार लपवते. वाक्य लिहावे लागले की दुबळेपणा झाकता येत नाही. नकाशाची दिशा एकदा पाहिली की संपते, म्हणजे रोज पाहण्याच्या निकषावर ती पडते. चिठ्ठीची दिशा दिसायला देखणी आहे, पण अंतरावरून वाचता येईल का याची शंका आहे. सुरुवातीच्या ओळीची दिशा कुतूहल निर्माण करते, दर महिन्याला ओळ बदलता येते आणि वाचनालयाला साध्या छपाईत परवडते. तिच्यात चिठ्ठीचे दृश्यरूप मिसळता येईल का, हे पाहण्यासारखे आहे.

निवडलेल्या दिशेची व्यावहारिक बाजू लगेच तपासावी. दुसऱ्याच्या पुस्तकातील ओळ छापताना स्वामित्वहक्काचा विचार करावा लागतो. भारतात साहित्यकृतीचा हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो, त्यामुळे त्या मुदतीपलीकडचे लेखक निवडावेत किंवा परवानगी घ्यावी. तसेच ते पुस्तक त्या वाचनालयात खरोखर आहे, कपाटात जागेवर आहे आणि त्याचा दाखल क्रमांक बरोबर आहे, याची स्वतः खात्री करावी. उत्सुकतेने गेलेल्या मुलाला पुस्तक मिळाले नाही तर सगळे काम वाया जाते.

प्रक्रियेच्या आकृत्या पाहून विद्यार्थ्यांचा एक गैरसमज होतो, तो इथे दूर करतो. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने या शतकाच्या पहिल्या दशकात लोकप्रिय केलेली दोन हिऱ्यांची आकृती, म्हणजे विस्तार-संकोच (आधी शक्यता वाढवणे, मग त्यांतून निवड करणे) आणि पुन्हा विस्तार-संकोच, समजून घ्यायला चांगली आहे. परंतु ती पाहून प्रवास सरळ रेषेत होतो असे वाटते. दाखल क्रमांक तपासायला गेल्यावर असे दिसू शकते की मुलांना कपाटांजवळ जाऊच देत नाहीत, पुस्तक खिडकीतून मागावे लागते. मग प्रश्नच पुन्हा लिहावा लागतो. असे मागे जाणे हा प्रक्रियेचाच भाग आहे आणि त्यासाठी वेळापत्रकात दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत.

देवनागरी अक्षरांचे काम

आपली निवडलेली दिशा पूर्णपणे अक्षरांवर उभी आहे, म्हणून या भागाला सर्वाधिक वेळ द्यावा लागेल. मराठीत अक्षर हेच चित्र करण्याची समृद्ध परंपरा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षके केवळ वळणांतून नाटकाचा स्वभाव सांगत. र. कृ. जोशी यांनी सुलेखन, अध्यापन आणि संगणकावरील ‘मंगल’ हा फॉन्ट अशा तिन्ही वाटांनी देवनागरीचा विचार पुढे नेला. डी. उदय कुमार यांनी तयार केलेले आणि 2010 साली स्वीकारले गेलेले रुपयाचे चिन्ह देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांना शिरोरेखेच्या आधाराने एकत्र आणते. ही उदाहरणे नक्कल करण्यासाठी पाहू नयेत. लिपीच्या कोणत्या अंगाला हात घातला आणि कोणते अंग जपले, हे ट्रेसिंग पेपर ठेवून तपासावे.

फॉन्ट निवडताना प्रथम तो जोडाक्षरे नीट दाखवतो का ते पाहावे. ‘वाङ्मय, दुसऱ्या, तऱ्हा, हृदय, शृंगार, ॲनिमेशन, कॅलेंडर, ग्रंथालय, श्रद्धा, लेखकांच्या’ असे शब्द छापून बघितले की उणिवा लगेच उघड्या पडतात. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीतील वळणापेक्षा वेगळे आहे. अनेक युनिकोड फॉन्टांत दोन्ही रूपे असतात, परंतु सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवल्याशिवाय मराठी रूप येत नाही. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मजकूर-जुळणी चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि रफार भलतीकडे बसतो. असे भित्तिपत्रक ज्युरीपर्यंत गेल्याचे अनेकदा दिसते. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत आणि विद्यार्थ्यांना विनाखर्च वापरता येतात. बेकायदा उतरवलेले फॉन्ट वापरू नयेत.

मांडणी करताना देवनागरीचा स्वभाव लक्षात ठेवावा. रोमनमध्ये अक्षरांतील अंतर वाढवले की शीर्षक मोकळे दिसते, पण देवनागरीत तसे केले की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असल्याने ओळींमधील अंतर रोमनपेक्षा अधिक लागते; ‘कुर्ल्यातून’सारख्या शब्दाखाली ‘र्कीं’सारखे अक्षर आले की गर्दी कुठे होते ते दिसतेच. कृत्रिमरीत्या जाड किंवा तिरके केलेले अक्षर वापरू नये, कारण शिरोरेखा आणि काना यांच्या जाडीचे नाते त्यात बिघडते. ओळ कुठे तोडायची हे अर्थावरून ठरवावे आणि ती ओळ मोठ्याने वाचून पाहावी. पुस्तकातील वाक्य जिथे श्वास घेते तिथेच भित्तिपत्रकावरची ओळ मोडली, तर वाचणाऱ्याला लेखकाचा आवाज ऐकू येतो.

अक्षरांच्या आकारासाठी पाटीकामातील एक ढोबळ प्रमाण उपयोगी आहे : साधारण 3 मीटर अंतरासाठी 25 मिलिमीटर उंचीचे अक्षर सहज वाचता येते. देवनागरीत ही उंची मात्रा-उकार वगळून, म्हणजे शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजावी.

पूर्ण आकाराचा कच्चा नमुना आणि चाचणी

पडद्यावर ए-2 भित्तिपत्रक तळहाताएवढे दिसते आणि त्यामुळे सगळेच प्रमाणबद्ध वाटते. म्हणून चार ए-4 कागदांवर तुकड्यांत काळी-पांढरी प्रत काढून, चिकटवून, अभ्यासिकेच्याच भिंतीवर परवानगीने लावावी आणि सर्वांत मागच्या खुर्चीत बसून पाहावी. दिवसाच्या आणि ट्यूबलाइटच्या अशा दोन्ही उजेडांत पाहावी. रंगाचा निर्णय काळ्या-पांढऱ्यात मांडणी उभी राहिल्यावरच घ्यावा.

चाचणी घेताना ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. मित्र चांगलेच म्हणतील. पाच सेकंद दाखवून झाकावे आणि काय आठवते ते विचारावे. त्यानंतर ‘हे पाहून तुम्ही आता काय कराल?’ असे विचारावे आणि आपण गप्प राहावे. पाच-सहा जणांकडूनही पुरेसे कळते. एखाद्याला दाखल क्रमांक हा मोबाइल क्रमांक वाटला, तर त्याला समजावून सांगण्याचा मोह टाळून नोंद करावी, कारण भिंतीवर समजावायला तुम्ही नसणार. कदाचित ‘कपाट 7, वरून दुसरा कप्पा’ अशी साधी भाषा क्रमांकापेक्षा परिणामकारक ठरेल.

वर्गातील टीकाही अशाच रीतीने ऐकावी. ‘हे लाल कर’ ही सूचना म्हणजे कोणाला तरी काही तरी खटकल्याची खूण असते. काय खटकले ते विचारून घ्यावे. मुख्य ओळ उठून दिसत नाही असे कळले तर लाल रंग हा अनेक उपायांतील एक उपाय आहे. सूचना देणाऱ्याचे निदान स्वीकारावे की नाही हे नंतर ठरवता येते, तक्रार मात्र शब्दशः लिहून घ्यावी.

छपाई

तयार फाईल सीएमवायके रंगपद्धतीत (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या पद्धतीत) असावी, सर्व बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला भाग) असावा आणि छायाचित्रे असतील तर अंतिम आकारात 300 डीपीआयची (दर इंचाला 300 ठिपक्यांची) असावीत. बारीक मजकूर चार रंगांच्या मिश्रणातून न करता केवळ काळ्या शाईत ठेवावा, नाही तर रंगांच्या प्लेटा किंचित सरकल्या तरी अक्षरांना कडा येतात. प्रेसला पाठवण्यापूर्वी अक्षरांचे आउटलाइन केलेली, म्हणजे अक्षरे फॉन्टवर अवलंबून न राहता आकृत्यांत बदललेली, प्रत वेगळी ठेवावी, मूळ प्रत बदलू नये आणि मराठी जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यावे.

प्रक्रिया-वही आणि सादरीकरण

ज्युरीसाठी प्रक्रिया-वही शेवटच्या रात्री रचू नये. ती पहिल्या दिवसापासून तारखेनिशी साठत गेलेली असावी. तिच्यात पहिल्या तासाला काढलेले पंखवाल्या पुस्तकाचे पान, वाटांचा नकाशा, जुने आणि नवे ब्रीफ, शक्यतांचा तक्ता, नाकारलेल्या दोन दिशा आणि त्या का नाकारल्या याची वाक्ये, कच्च्या नमुन्याचे भिंतीवरील छायाचित्र आणि चाचणीतील शब्दशः उत्तरे असावीत. नंतर सुबक करून पुन्हा काढलेली थंबनेल तिच्यात घालू नयेत. अनुभवी परीक्षकाला ती ओळखू येतात. बोलताना सुरुवात अंतिम भित्तिपत्रकाने न करता बदललेल्या प्रश्नाने करावी, म्हणजे भित्तिपत्रक समोर येईपर्यंत त्याचे मोजमाप कशाने करायचे हे ऐकणाऱ्याला कळलेले असते.

वाचनालयाने भित्तिपत्रक खरोखर लावायचे ठरवले, तर ग्रंथपालांना एक विनंती करून ठेवावी. भित्तिपत्रक लावल्यापासून महिनाभर, अभ्यासिकेतून येऊन त्या पुस्तकाबद्दल विचारणाऱ्यांची खूण देवघेवीच्या नोंदवहीत समासात करावी आणि त्याआधीच्या महिन्याच्या नोंदींशी ती ताडून पाहावी. ओळ बदलण्याची वेळ आली की याच खुणांवरून पुढचे पुस्तक कथांचे निवडायचे की प्रवासवर्णनांचे, हे ठरवता येईल.